प्लीहेचा काढा, पपईची गोळी

लुडविग्सहाफेन,
१९ ऑक्टोबर २०१४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

एवढी लांब मेल बघून तुला वाटेल, धाकट्याला काहीतरी हवंय. काही नकोय. फोनवरच सांगणार होतो, पण आमचा फ्लॅट असा आहे की मी बेडरूममध्ये मराठीत कुजबुजलो की हॉलमधून ईप्सिता जर्मनमध्ये उत्तर देते. म्हणून लिहितोय.

गेल्या सोमवारी तिच्या शाळेतून फोन आला. पहिलीत जाऊन पोरीला जेमतेम महिना झालाय. वर्गबाई फ्राऊ हाइन्त्से म्हणाल्या, कवायतीच्या तासाला तिच्या पायांवर निळे-जांभळे डाग दिसले, घरी काही झालं का? फार गोड आवाजात विचारलं. त्या नेमकं काय विचारतायत ते मला जरा उशिरानेच कळलं. अगं, मी! घरात कोळी निघाला तर खुर्चीवर चढून उत्कर्षाला हाका मारणारा मी, पोरीवर हात उगारणार?

रक्त तपासलं. प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर हव्यात, तिच्या अकरा हजार निघाल्या. मग लहान मुलांच्या रक्तविकारांच्या डॉक्टरकडे गेलो, फ्राऊ डॉक्टर लिंडनर. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. या आजाराला आयटीपी म्हणतात. साधं सर्दीपडसं होऊन गेल्यावर कधीकधी शरीराचा गोंधळ उडतो आणि ते स्वतःच्याच प्लेटलेट्स परक्या समजून मारायला लागतं. ही मारामारी मुख्यतः प्लीहेत चालते. कॅन्सर नाही. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. तोवर उड्या नाहीत, सायकल नाही, घसरगुंडीवरसुद्धा हेल्मेट, आणि दर दोन आठवड्यांनी रक्त. औषध काय, विचारलं तर म्हणाल्या, "अबवार्टन." म्हणजे वाट बघा.

ताई, मी केमिस्ट्रीत डॉक्टरेट केलेला माणूस. वाट किती मिलिग्रॅम बघायची, जेवणाआधी की जेवणानंतर, हे विचारायला तोंड उघडलं होतं. उत्कर्षाने टेबलाखाली पायावर पाय दिला म्हणून मिटलं.

ईप्सिता मजेत आहे. हेल्मेटवर तिने घुबडाचे स्टिकर लावलेत. घाबरलोय मी. डोक्यात रक्तस्राव व्हायची शक्यता फार कमी आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. फार कमी म्हणजे किती, ते मी घरी येऊन शोधून काढलं. शोधायला नको होतं.

आईला सांगू नकोस.

तुझा,
उज्ज्वल


नागपूर,
२६ ऑक्टोबर २०१४

चि. उज्ज्वल,
जयभीम आणि पोरीला पापे.

तुझी मेल वाचून आधी रडले, मग कोळी आठवून हसले, आणि मग जीवशास्त्राची बाई म्हणून पुन्हा नीट वाचली. बारावीला इतकी वर्षं रक्त शिकवतेय, पण प्लीहेला मी फळ्यावर दोन ओळींपेक्षा जास्त कधी दिलं नाही. आता त्याच प्लीहेने माझ्या भाचीला धरलंय म्हटल्यावर पुस्तक काढून बसले. तुझी फ्राऊ डॉक्टर बरोबर बोलतेय. आमच्या कॉलेजच्या डॉक्टरांनाही विचारलं, ते पण तेच म्हणाले.

खरी काळजी मला तुझी वाटते. तू लहानपणी अंगणात आंब्याची कोय पुरली होतीस, आठवतं? रोज उकरून बघायचास, फुटली का, फुटली का. ती फुटलीच नाही. तेव्हा बाबा रे, या वेळी हात खिशात ठेव. फारच झालं तर मला लिही, पण उकरू नकोस.

आईला सांगितलं नाही. पण तू आठवड्यात दोनदा फोन केलास म्हणून तिला संशय आलाच आहे. तिला वाटतंय तुझी नोकरी गेली.

ताई


लुडविग्सहाफेन,
९ नोव्हेंबर २०१४

प्रिय ताई,
जयभीम.

उकरलं.

आधी सुधावहिनींचं सांगतो. माझा मित्र श्रीरंग, त्याची बायको. देशातून आल्या त्या पोरीसाठी कुठलासा अंगारा घेऊन आल्या, कागदाच्या पुडीत. मी त्यांना सोफ्यावर बसवून अर्धा तास व्याख्यान दिलं. आपण कोण, आपल्याला काय शिकवलंय, बाबा कसे म्हणायचे की आधी तपासून घे, मग मान. बिचाऱ्या पुडी पर्समध्ये घालून चहा न घेता गेल्या. मला फार बरं वाटलं.

त्याच्या पुढच्याच मंगळवारी मी ईप्सिताला घेऊन मानहाइमला एका चिनी उपचारवाल्याच्या खोलीत बसलो होतो, आणि पोरगी त्याला जीभ काढून दाखवत होती.

चिनी वैद्य म्हटल्यावर मी पांढऱ्या दाढीचा म्हातारा डोळ्यांपुढे आणला होता. निघाले हेर्र क्निटेल. जन्म इथलाच, केसांची शेपटी, चीनला एकदा जाऊन आलेले. त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि म्हणाले, "आल्झो, मिल्त्स." आल्झो म्हणजे 'तर मग', मिल्त्स म्हणजे प्लीहा. चिनी वैद्यकात म्हणे प्लीहा रक्ताला नळ्यांमध्ये धरून ठेवते. ती थकली की रक्त कातडीखाली पाझरतं. ताई, प्लीहा! फ्राऊ लिंडनरच्या चित्रातही प्लीहाच होती. एकीकडे हजारो वर्षांचा चीन, एकीकडे आमचं इस्पितळ, दोघं एकाच अवयवाकडे बोट दाखवतायत म्हटल्यावर माझ्यातला शास्त्रज्ञ विरघळला. आता कळतंय, पोट दुखतं म्हणून वैद्य आणि ज्योतिषी दोघांनीही पोटाकडेच बोट दाखवलं, तर त्यात नवल काय?

शोधनिबंध वाचले. लहान मुलांचे रक्तविकार आणि चिनी काढे यांवर ढीगभर आहेत. जवळपास सगळ्यांत मुलं सुधारतात, आणि काढा न दिलेली मुलं किती सुधारली ते शोधायला गेलं की धड सापडत नाही. ऑफिसात असला निबंध माझ्यापुढे आला असता तर मी लाल पेनाने चिरफाड केली असती. घरी मी त्याच्या प्रिंट काढल्या. वहिनींच्या अंगाऱ्याबरोबर एखादा आलेख असता, तर बहुतेक तोही मी चमच्याने चाटवला असता.

पण बाबांचा मुलगा आहे, तपासल्याशिवाय दिलं नाही. क्निटेलनी दिलेल्या काढ्याच्या पुडीतला नमुना एका खासगी लॅबमध्ये पाठवला. शिसं नाही, पारा नाही, आर्सेनिक नाही. रिपोर्ट बघून छाती फुगली.

उत्कर्षा मंगळवारी आणि गुरुवारी कार्ल्सरूहेच्या ऑफिसात जाते, त्या दिवशी मी लवकर घरी येऊन काढा उकळतो. वास असा की ओल्या पोत्यात काहीतरी मेलंय. म्हणून लगेच भरपूर कांदा परततो आणि पिठलं टाकतो. बाटली तळघरातल्या आमच्या कप्प्यात लपवतो. ईप्सिताला शाळेतून आणताना रोज अर्धा कप देतो. ती म्हणते याला जंगलाची चव आहे, पण पिते. मम्मीला सांगायचं नाही, आपलं गुपित, असं तिला सांगितलंय.

उत्कर्षाला सांगत नाही, कारण तिचा डॉक्टरवर पूर्ण विश्वास आहे. हल्ली इतकी शांत असते, मला तिच्याकडे बघून लाज वाटते. तुला माझी शपथ, तिला कळू देऊ नकोस.

उज्ज्वल


लुडविग्सहाफेन,
१६ नोव्हेंबर २०१४

प्रिय ताई,
जयभीम.

तुम्हाला एकटीने असं पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय, म्हणजे ओळखलंच असेल की तुमच्या भावापासून काहीतरी लपवायचंय.

माझ्या भावाला डेंग्यू झाला होता तेव्हा सगळ्यांनी पपईच्या पानांचा रस द्यायला लावला होता, आठवतं? आता त्याच्या गोळ्या मिळतात म्हणे. प्लेटलेट्स वाढतात म्हणतात. इथे पपई फळ म्हणूनच मुश्किलीने मिळते, पानं कुठून आणू? तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चार पाकिटं घेऊन ठेवाल का? पुष्कर आठवतोय ना, कार्ल्सरूहेला शिकतो तो, बहिणीच्या लग्नाला नागपूरला आलाय, महिनाअखेर परततोय. मी स्टेशनवर त्याच्याकडून घेईन.

मला स्वतःचंच हसू येतं. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. रोज टीममधल्या पोरांना ओरडते की एका वेळी एकच बदल करा, नाहीतर बिघडलं कशाने ते कळणार नाही. आणि घरी मी चोरून पपई मागवतेय. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की बदल एकच करतेय.

उज्ज्वलला कळलं तर सुधावहिनींचं झालं तेच माझं होईल. आणि ताई, तो किती बदललाय! डॉक्टर वाट बघा म्हणाल्या, तर हा शांतपणे वाट बघतोय. मंगळवारी-गुरुवारी मी दमून येते तर जिन्यातच कांदा परतल्याचा वास, आत गरम पिठलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, गॅस कसा पेटवतात हे त्याला माहीत आहे हे मला आत्ता कळलं. असा नवरा, आणि मी त्याच्या पाठीमागे हे करतेय. पण नुसतं बसवत नाही हो. रोज तिला आंघोळ घालताना नवे डाग शोधते, आणि मग नळ मोठा सोडून रडून घेते.

तुमची,
उत्कर्षा


नागपूर,
२० नोव्हेंबर २०१४

चि. उज्ज्वल,

तुला वाट बघ म्हटलं होतं, तू चीनपर्यंत जाऊन आलास. मी शपथ पाळणार, पण मनातून फार रागावलेय. एवढं सांग, तुझ्या त्या शेपटीवाल्याने पुडीत काय काय घातलंय ते विचारलंस का? आणि उत्कर्षाबद्दल इतकी लाज वगैरे वाटून घेऊ नकोस. जास्त विचारू नकोस, फक्त वाटून घेऊ नकोस.

ताई


नागपूर,
२० नोव्हेंबर २०१४

चि. उत्कर्षा,

गोळ्या घेतल्या, पुष्करकडे दिल्या. पपईच आहे, त्याने काय होणार, असं मी स्वतःला समजावलंय. उज्ज्वलला मी सांगणार नाही. पिठलं मात्र खाताना इतकी भावुक होऊ नकोस.

ताई


लुडविग्सहाफेन,
१४ डिसेंबर २०१४

ताई,

बेचाळीस हजार! फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "झेर शून," म्हणजे फार छान, आणि ईप्सिताला वाघाचा स्टिकर दिला. मी चेहरा असा ठेवला की जणू मीही निसर्गावरच विश्वास ठेवून होतो. आतून मात्र मी भाषण तयार करतोय. पोरगी पूर्ण बरी झाली की उत्कर्षाला सगळं सांगणार, आणि मग बहुधा एखादा निबंधही लिहीन. सुधावहिनींना मात्र हे कधीच कळता कामा नये.

उज्ज्वल


लुडविग्सहाफेन,
१४ डिसेंबर २०१४

ताई,

बेचाळीस हजार झाल्या! पपईच्या पानाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. उज्ज्वल किती समंजस चेहऱ्याने बसला होता, बघायला हवं होतं तुम्ही. मला वाटलं तिथेच त्याला मिठी मारावी आणि सांगावं, वेड्या, वाट बघून नाही झालं हे. गोळ्या अजून पाठवाल ना?

उत्कर्षा


लुडविग्सहाफेन,
१८ जानेवारी २०१५

प्रिय ताई,

घाईत लिहितेय, चुका होतील. बुधवारी ईप्सिताच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेचना. शाळेतून सरळ इस्पितळात नेलं. तिथे नाकात कापूस भरून थांबवलं. प्लेटलेट्स पुन्हा चौदा हजार. तेवढंच असतं तर एक वेळ ठीक होतं, पण तिच्या लिव्हरचे आकडेही वाढलेत, नेहमीच्या चौपट. साध्या आयटीपीत असं होत नाही, फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. दुसरंच काही आहे का ते बघायला हवं. म्हणून येत्या शुक्रवारी तिला भूल देऊन कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढणार आहेत. त्याआधी गुरुवारी आम्हाला सह्या करायला बोलावलंय.

त्यांनी विचारलं, "याशिवाय ती काही घेते का? काहीही. एखादी वनस्पती, चहा, व्हिटॅमिन?"

मी "नाईन", म्हणजे नाही, म्हटलं. आणि ताई, त्याच क्षणी उज्ज्वलनेही "नाईन" म्हटलं, माझ्यापेक्षा मोठ्यांदा. तो खरं बोलत होता, मी खोटं. ईप्सिता आमच्या मध्ये बसली होती. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग हेल्मेटवरचे स्टिकर खरवडायला लागली.

गोळ्या त्या दिवसापासून बंद केल्यात. पण आता सांगू कसं? डॉक्टर मला आई म्हणून काय समजतील? आणि उज्ज्वल?

उत्कर्षा


नागपूर,
१९ जानेवारी २०१५

उज्ज्वल,

गुरुवारी सही करायच्या आधी त्या डॉक्टरला काढ्याबद्दल सांगायचं. सगळं. पुडी घेऊन जायची. तू नाही सांगितलंस तर शुक्रवारी सकाळी मी त्या इस्पितळात फोन लावीन आणि माझ्या इंग्रजीत सांगीन, ती लाज तुला परवडायची नाही. शपथ मोडली तर मोडली. माझ्या भाचीच्या हाडात सुई जाणार आहे आणि मी शपथा सांभाळत बसू?

ताई


नागपूर,
१९ जानेवारी २०१५

उत्कर्षा,

गुरुवारी गोळ्यांची पट्टी पर्समध्ये ठेव आणि डॉक्टरच्या टेबलावर काढून ठेव. उज्ज्वलसमोर. त्याची भीती बाळगू नकोस, हे मी का म्हणतेय ते तुला तिथेच कळेल.

ताई


लुडविग्सहाफेन,
२३ जानेवारी २०१५

प्रिय ताई,

तुझी मेल वाचून मी आधी हेर्र क्निटेलना फोन केला आणि पुडीत काय काय आहे ते विचारलं. हा प्रश्न तू नोव्हेंबरमध्येच विचारला होतास. त्यांनी अकरा नावं सांगितली. त्यातल्या एका मुळीबद्दल पहिल्याच पानावर सापडलं की ती रक्त गोठण्याच्या आड येऊ शकते. दुसऱ्या एकीचा लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कंपनीत मी डेटाशीट वाचल्याशिवाय पाण्याच्या बाटलीचंसुद्धा झाकण उघडत नाही. इथे मी शिसं शोधलं, पारा शोधला, आर्सेनिक शोधलं. पुडीत काय नाही ते सगळं शोधलं, काय आहे ते मात्र शोधलं नाही. अशी चूक करायला डॉक्टरेट लागते, अडाणी माणसाला सुचणार नाही.

गुरुवारी गेलो. आरशासमोर जर्मनची तालीम केली होती, पण तिथे तोंडातून नुसतं "आल्झो... आल्झो..." निघत होतं. शेवटी पुडी टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. काढा, मंगळवार, तळघर, कांदा. उत्कर्षाकडे बघायची हिंमत नव्हती. तिने पर्स उघडल्याचा आवाज आला, मला वाटलं रुमाल काढतेय. तिने हिरव्या गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या पुडीशेजारी ठेवली.

फ्राऊ लिंडनरनी पुडी बघितली, पट्टी बघितली, आम्हा दोघांना बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "कुटुंबात आणखी कोणी आहे का?"

तेवढ्यात मी पट्टी उलटी केली आणि मागे आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलचा शिक्का दिसला. ताई, तुझं काही खरं नाही. उत्कर्षाचं पत्र येतंय.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, घाबरलेले आईबाप असं करतात, हे त्यांना नवीन नाही. पण मागच्या आठवड्यात विचारलं तेव्हाच कळलं असतं तर लिव्हरच्या आकड्यांचा वेगळा अर्थ लागला असता. आता सगळं बंद करायचं. सुई दोन आठवडे पुढे ढकललीय. लिव्हरचे आकडे उतरले तर ती लागणार नाही. नाही उतरले तर मग खरंच दुसरं काही आहे. जायच्या आधी त्या म्हणाल्या, "ईप्सिताला मी एकदा एकटीने भेटेन. तिलाही हे माहीत होतं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांपासून लपवत होतो, पण तिच्यापासून कोणीच लपवत नव्हतं. सहा वर्षांची पोर दोन्ही गुपितं घेऊन आमच्या मध्ये बसून जेवत होती. परतताना गाडीत मला ब्रेक आणि क्लच धड सुचत नव्हते. उत्कर्षाने गाडी चालवली.

उज्ज्वल


लुडविग्सहाफेन,
२५ जानेवारी २०१५

ताई,

तुम्हाला दोन्ही माहीत होतं! दोन्ही! मी टेस्टिंगच्या पोरांना रागावून सांगते की एका वेळी एकच बदल, आणि तुम्ही नागपुरात बसून बघत होतात की इथे दोन चाललेत. "पिठलं खाताना भावुक होऊ नकोस" म्हणे. मी ते पिठलं अडीच महिने प्रेमाने खाल्लं!

इतका राग आलाय की कोणावर काढू कळत नाही. उज्ज्वलवर काढायला गेले, तर तो तोंडावर बोट ठेवून कोपऱ्यात बसलाय, पहिलीतल्या पोरासारखा. शेवटी दोघंही हसलो, आणि मग दोघंही रडलो. पहिल्यांदाच एकत्र रडलो, ऑक्टोबरपासून.

आता फक्त लिव्हर उतरू दे.

उत्कर्षा


नागपूर,
२७ जानेवारी २०१५

उत्कर्षा आणि उज्ज्वल,

आता तुम्हाला वेगवेगळं लिहायचं कारण उरलं नाही, बरं वाटतंय.

उत्कर्षा, तुझा राग रास्त आहे. डिसेंबरात एकाच दिवशी तुमच्या दोघांच्या मेल आल्या. एक चीनचा विजय, एक पपईचा. मी इथे हसून हसून स्टाफरूममध्ये पेढे वाटले. बारावीला मी नियंत्रित प्रयोगाचा धडा दरवर्षी शिकवते. दोन कुंड्या, एकीला खत, दुसरीला नाही. माझ्या समोर एकाच कुंडीत दोन माणसं दोन खतं घालत होती आणि बाई गप्प बसल्या. का? कारण तुम्ही दोघंही मला एकटीलाच सांगत होतात आणि मला ते फार आवडत होतं. मोठी बहीण म्हणून कोणी इतकं महत्त्व दिलं की डोकं चालत नाही माझं. पपईच्या गोळ्या तर मीच पाठवल्या. तुमच्यावर रागवायचा हक्क मला नाही.

रोज कळवा. आकडे नाही कळवले तरी चालेल, पोरगी काय खेळली ते कळवा.

ताई


लुडविग्सहाफेन,
१२ एप्रिल २०१५

प्रिय ताई,
जयभीम.

तुला फोनवर सगळं कळत गेलंय, तरी हे लिहूनच सांगायचं होतं. लिव्हरचे आकडे फेब्रुवारीत उतरले ते उतरतच गेले, सुई टळली. त्यानंतर प्लेटलेट्स कोणी काही न देता हळूहळू वर सरकल्या. तीस, साठ, मग पुन्हा पन्नास, तेव्हा मी, खोटं बोलत नाही, रात्रभर जागून स्वतःचे हात धरून बसलो. मागच्या गुरुवारी एक लाख साठ हजार. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, आता तीन महिन्यांनी या. हेल्मेट घरी ठेवा.

उत्कर्षाने विचारलं, शेवटी कशाने बरी झाली? डॉक्टरांनी खांदे उडवले. इतकं शिकलेल्या बाईने इतके मोकळे खांदे उडवलेले मी कधी बघितले नव्हते. म्हणाल्या, बहुतेक मुलं होतात. मला वाटलं होतं की मला वाईट वाटेल, आपला काहीच हात नाही म्हणून. उलट इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्याकडे बघून वेड्यासारखा हसत राहिलो.

मग त्यांनी ईप्सिताला बाहेर नर्सबरोबर चित्र काढायला पाठवलं आणि आम्हाला थांबवलं. जानेवारीत त्या तिला एकटीला भेटल्या होत्या, तेव्हाचं बोलणं आम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. पोरगी बरी झाल्यावरच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी तिला विचारलं होतं, तो काढा इतका घाण लागायचा तर तू प्यायचीस का? ईप्सिता म्हणाली, "तो माझ्यासाठी नव्हताच. तो पप्पाच्या भीतीवर होता. मी प्यायले की त्याचा चेहरा बरा व्हायचा." आणि हिरव्या गोळ्या? "त्या मामाच्या रडण्यावर. ती बाथरूममध्ये रडते." मामा म्हणजे इथे आई, तुला माहीत आहे.

उत्कर्षाने माझा हात घट्ट धरला होता. मला पुढचं ऐकायचं नव्हतं आणि ऐकल्याशिवाय उठताही येत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "मी तिला विचारलं, मग औषधाचा उपयोग झाला का? ती म्हणाली, हो, झाला. पण रोज घ्यावं लागायचं."

तुझा,
उज्ज्वल